बंपरखालची रबरी पट्टी आणि गाडीच्या पोटाखालची हवा

ठाणे-नवी मुंबईतल्या चार-पाच वर्षं चाललेल्या गाड्या वाकून पाहिल्या, तर बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या बंपरखालची काळी लवचीक पट्टी गायब झालेली दिसते. ती एखाद्या स्पीडब्रेकरवर घासते, एका बाजूने सुटून लोंबते आणि मग गॅरेजमध्ये कोणीतरी ती ओढून काढतं. ‘ह्याने काही फरक पडत नाही’ असं सांगितलं जातं. फरक पडतो. कधी पडतो आणि किती पडतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. कारण हीच पट्टी, म्हणजे एअर डॅम, थोड्या खर्चात घरी बनवता येते आणि चुकीच्या मापाने बनवली तर नुकसानही करते.

धावणाऱ्या गाडीला हवा बाजूला सारावी लागते. वरून आणि बाजूंनी जाणाऱ्या हवेला गुळगुळीत पत्रा मिळतो. खालून जाणारी हवा मात्र इंजिनची पेटी, सस्पेन्शनचे दांडे, सायलेन्सर, टाकी, मागचा अ‍ॅक्सल अशा प्रत्येक अडथळ्यावर आपटते. प्रत्येक ठिकाणी भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांची ऊर्जा अखेर आपल्या पेट्रोलमधूनच येते. एअर डॅमचं काम म्हणजे दाराखाली धूळ येऊ नये म्हणून लावलेल्या रबरी पट्टीचंच काम. पुढूनच अडवलं की पोटाखाली कमी हवा शिरते आणि उरलेली वरच्या, बाजूच्या सोप्या वाटेने जाते.

खालची बाजू किती महाग पडते, याचा एक सुंदर पुरावा अमेरिकेत मिळाला. ‘नासा’च्या एडवर्ड्स इथल्या केंद्रातले अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलवर असताना जवळून जाणारे ट्रक त्यांना आधी ढकलत आणि मग आत ओढत. त्यातून १९७० च्या दशकात तिथे प्रयोग सुरू झाले. एका व्हॅनला सगळीकडून सपाट अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून तिचा चौकोनी खोका केला गेला. कडा गोल केल्यावर हवेचा रोध निम्म्याहून अधिक घटला. मग नुसती खालची बाजू बंद केली, तर आणखी ७ टक्के फायदा झाला.

पट्टीचा दुसरा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो. पट्टीच्या मागे, इंजिनखाली, हवेचा दाब कमी होतो. रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला बाहेर पडायची वाट तिथेच असते, त्यामुळे ती अधिक जोराने ओढली जाते. काही गाड्यांत इंजिन थंड राहण्याची सगळी रचनाच या पट्टीवर उभी असते. १९८० च्या दशकातली शेव्हरले कॉर्व्हेट ग्रिलमधून नव्हे, तर बंपरखालून हवा घेई, आणि तिची पट्टी तुटली की हायवेवर इंजिन तापे. म्हणून मूळ पट्टी तुटली असेल, तर घरगुती प्रयोगाआधी तीच विकत आणून बसवावी. पुढच्या टोकाला वर उचलणारा जोरही पट्टीमुळे घटतो. पोर्शेने १९७२ च्या ९११ एस गाडीला पुढे खाली ओठ दिला तो याचसाठी.

आता हिशोब. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट; टायरचा रोध जवळपास तेवढाच राहतो. साधारण एक टनाची हॅचबॅक घेतली, तर टायरचा रोध सुमारे १२० न्यूटन येतो (दहा न्यूटन म्हणजे साधारण एका किलोचा भार). हवेचा रोध ताशी ४० किलोमीटरला ५० न्यूटन, ६० च्या आसपास टायरच्या बरोबरीचा आणि १०० ला तीनशेच्या वर. समजा पट्टीने हवेचा रोध ५ टक्के घटवला. ताशी १०० ला ती १५-१६ न्यूटन वाचवेल, म्हणजे एकूण रोधाच्या साडेतीन टक्के. ताशी ४० ला जेमतेम अडीच न्यूटन. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख संध्याकाळी रांगत जाणाऱ्याने पट्टी लावून पेट्रोल वाचण्याची वाट पाहू नये. तिथे पेट्रोल ब्रेक आणि क्लच खातात. खारघरहून एक्स्प्रेस वेने पुण्याला वरचेवर जाणाऱ्याला ९५ किलोमीटरच्या त्या पट्ट्यात दीडशे मिलीलिटरच्या आसपास वाचू शकतं. अटल सेतूवरही कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, तिथेही पट्टीला काम मिळेल. इलेक्ट्रिक गाडीखाली बॅटरीचा तळ सपाटच असतो, तिला हा उद्योग जवळपास निरर्थक.

पट्टी किती खोल हवी, यावर सगळं अवलंबून आहे. ती जितकी खाली, तितकी पोटाखाली हवा कमी. पण तितकीच पट्टी स्वतः वाऱ्याला आडवी येते. एका मर्यादेनंतर वाचतं त्यापेक्षा जास्त जातं. सुरक्षित नियम असा, की गाडीखाली जो भाग सर्वांत खाली आहे त्याच्याही खाली पट्टी जाऊ देऊ नये. आपल्याकडे दुसरी मर्यादा रस्ता घालतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, पण सोसायट्यांच्या गेटवरचे अरुंद उंचवटे त्या मापाचे नसतात. बेसमेंट पार्किंगचा रॅम्प तर बंपरचा ओठ आधी पकडतो. घरच्या रॅम्पवरून गाडी अगदी हळू उतरवून खाली किती जागा उरते ते कोणाला तरी पाहायला सांगावं, आणि मगच कात्री लावावी.

सामान म्हणून तीन ते पाच मिलिमीटर जाडीची रबर शीट उत्तम. बोर्डासाठी वापरतात ती सनपॅक, म्हणजे आतून पोकळ प्लास्टिकची शीट स्वस्त आणि हलकी, पण घासली की चिरते; आधी मापाचा नमुना कापायला ती चांगली. दीड मीटरच्या आत लांबी आणि आठ सेंटिमीटर खोली धरली, तर ताशी १०० ला पट्टीवर सुमारे पाच किलोचा भार येतो. म्हणून लिबलिबीत मॅट मागे दुमडते आणि काही उपयोग होत नाही. बंपरच्या खालच्या कडेला आतून भोकं पाडून रुंद वॉशर आणि झिप टायने पट्टी बांधावी. बंपरच्या वळणाने ती दोन्ही चाकांच्या पुढे यावी, पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला लागता कामा नये. हवा आत घेणारी खालची जाळी झाकू नये. धातूची पट्टी तर नकोच. रस्त्यावरच्या माणसाला ती कापू शकते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. पट्टी बंपरच्या पुढे न येणारी, लवचीक आणि काढता येणारी असावी.

परिणाम पाहायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप पुरते. तिचा यू आकार करून आत रंगीत पाणी भरावं. एक टोक केबिनमध्ये, दुसरं पट्टीच्या मागे, तोंड वाऱ्याकडे नसेल असं चिकटवावं. काचा आणि ब्लोअर दोन्ही वेळा सारखे ठेवून, शेजारी बसलेल्याने पट्टीसह आणि पट्टीविना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचावा. ताशी ८० ला समोरच्या वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे २९ मिलिमीटर पाण्याइतका असतो, म्हणजे दाबातला बदल डोळ्यांना दिसण्याजोगा आहे. पेट्रोलचा फरक मात्र एका टाकीत कळत नाही. खाडीवरचा वारा, टायरची हवा, सिग्नल, एसी यांत तीन टक्के सहज हरवतात. एकाच पंपावर भरून बऱ्याच टाक्यांची सरासरी काढावी लागते.

पावसाळ्यात ही घरगुती पट्टी काढून ठेवावी. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड आहे. साचलेल्या पाण्यातून ताशी १० ने गेलं, तरी या पट्टीवर चाळीस किलोंच्या पुढे भार येऊ शकतो, हायवेवरच्या वाऱ्याच्या आठपट. झिप टाय मुद्दाम बेताच्या जाडीचे निवडावेत, म्हणजे कधी अंदाज चुकलाच तर आधी ते तुटतील आणि बंपर जागेवर राहील.