क्लोजर आणि सेटअप मॅन: एकाच बुलपेनचे दोन न्याय

क्रिकेट पाहत वाढलेला माणूस बेसबॉलकडे वळला की हमखास इथे अडखळतो. क्लोजर आणि सेटअप मॅन दोघेही बुलपेनमधून, म्हणजे बदली पिचर (गोलंदाज) थांबतात तिथून, येतात, दोघेही बहुतेकदा एखादीच इनिंग टाकतात, दोघांनाही आघाडीच सांभाळायची असते. मग एक क्लोजर आणि दुसरा नुसता सेटअप मॅन, असं का? एक नववी म्हणजे शेवटची इनिंग टाकतो, दुसरा साधारण आठवी, हे झालं सोपं उत्तर. खरी मेख धावफलकाच्या वहीत आहे.

क्लोजरच्या नावावर ‘सेव्ह’ चढतो. १९६९ पासून ही अधिकृत नोंद आहे. जिंकलेला सामना त्यानेच संपवायचा. तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन निदान एक इनिंग टाकली की सेव्ह पक्का. (आणखी दोन वाटा आहेत, पण नेहमीची हीच.) तेच ओझं आधी वाहून, आघाडी न गमावता चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला तर मिळतो ‘होल्ड’. तो फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता हे बघा. आठवी इनिंग, आघाडी ४-३, एक बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, समोर प्रतिस्पर्ध्यांचे सगळ्यात तगडे बॅटर. सेटअप मॅन येतो, दोघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करतो, मान खाली घालून डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, जाऊन बसतो. होल्ड. दुसऱ्या दिवशी नववी इनिंग, आघाडी ६-३, बेस रिकामे. क्लोजर दोन धावा देतो, घाम फोडतो, पण सामना ६-५ असा संपवतो. सेव्ह! मला विचाराल तर पहिल्याचं काम दुप्पट अवघड होतं.

त्याहून गंमत म्हणजे, आठव्या इनिंगमध्ये आघाडी गेली तर सेटअप मॅनच्या माथी ‘ब्लोन सेव्ह’ लागतो. सामना टिकला असता तर सेव्ह बहुधा क्लोजरच नेणार होता. म्हणजे नफ्यात वाटा नाही, तोटा मात्र पूर्ण.

मारियानो रिवेराने हे दोन्ही संसार केले. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे तो सेटअप मॅन होता: १०७ हून जास्त इनिंग, १३० स्ट्राइकआउट, सेव्ह फक्त ५. त्याच्यामागून येणाऱ्या क्लोजर जॉन वेटलँडचे ४३ सेव्ह झाले, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडूही वेटलँडच. वेटलँड टेक्सासला गेला आणि १९९७ मध्ये रिवेरा क्लोजर झाला. इनिंग सत्तरीवर उतरल्या, सेव्ह झाले ४३. पुढे कारकीर्द संपेपर्यंत ६५२, आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधला मोठा सन्मान) प्रत्येक मतपत्रिकेवर त्याचं नाव. मला मात्र ९६ सालचा रिवेरा जास्त भावतो.

अधूनमधून एखादा मॅनेजर ही वहीच बाजूला ठेवतो. २०१६ च्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडच्या टेरी फ्रँकोनाने बुलपेनमधल्या अँड्र्यू मिलरला आठव्या-नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलं नाही. सामना हातातून निसटतोय असं वाटलं की पाचव्या इनिंगमध्येही उतरवलं. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत सेव्ह जास्त झाले क्लोजर कोडी ॲलनचे, सर्वोत्तम खेळाडू ठरला मिलर.