मंगळाला ब्रेक कोण लावतं?

"मंगळ वक्री होतो, म्हणजे उलटा फिरायला लागतो ना? मग आधी त्याला ब्रेक कोण लावतं?"

मोबाइलवर राशिभविष्याचा कुठलासा व्हिडिओ ऐकून दहा वर्षांच्या एका मुलीने मला हे विचारलं. प्रश्न अगदी नेमका आहे. मंगळ सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावतो. उलट फिरायचं तर त्याला आधी थांबावं लागेल, आणि थांबला तर तो सूर्याकडे कोसळू लागेल. तसं कधीच होत नाही. तरीही साधारण २६ महिन्यांतून एकदा, दोन-अडीच महिने, तो ताऱ्यांमधून मागे सरकताना साध्या डोळ्यांना दिसतो.

मुलांना आपण ग्रहांची नावं क्रमाने पाठ करायला लावतो आणि भिंतीवर एका ओळीत उभे असलेले ग्रह दाखवतो. नावं यायलाच हवीत. पण त्या चित्रात गती नसते, आणि बघणारा कुठे उभा आहे हेही नसतं. पृथ्वीसुद्धा आपण तिथे बाहेरूनच बघतो. मंगळाचं कोडं मात्र पृथ्वीवर उभं राहिल्याशिवाय सुटत नाही.

यावर नेहमी रेल्वेचं उदाहरण देतात: आपली वेगवान गाडी शेजारच्या मंद गाडीला मागे टाकते, तेव्हा ती गाडी मागे जाताना दिसते. उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच. सरळ रुळांवर ती मंद गाडी मागेच जात राहील. मंगळ तर बहुतेक काळ पुढे जातो, मग थबकतो, मागे येतो, पुन्हा थबकतो आणि पुढे निघतो. हे थबकणं सरळ रुळांवरून समजत नाही. त्यासाठी वर्तुळच हवं.

म्हणून मुलांना मैदानावर न्यावं. मधोमध सूर्य. त्याच्याभोवती चुन्याने १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ पृथ्वीचं, १५ मीटरचं मंगळाचं. दोघांनी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालायचं. एक टाळी म्हणजे एक महिना. प्रत्येक टाळीला पृथ्वीने आपल्या वर्तुळावर सव्वापाच मीटर पुढे जायचं, मंगळाने सव्वाचार. सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रेषेत येतील त्या क्षणाच्या तीन टाळ्या आधीपासून सुरुवात करायची. प्रत्येक टाळीला पृथ्वीने हात लांब करून मंगळाकडे बोट दाखवायचं आणि होकायंत्रावर ती दिशा मोजायची.

रेषेतली दिशा शून्य धरली, तर आकडे साधारण असे येतात: ७ अंश उजवीकडे, ५ डावीकडे, ८ डावीकडे, शून्य, ८ उजवीकडे, ५ उजवीकडे, ७ डावीकडे. उजवीकडून डावीकडे जाणारा मंगळ मध्येच उजवीकडे वळला आणि पुन्हा डावीकडे निघाला. चालणारा मुलगा मात्र एकदाही मागे फिरलेला नाही.

असं का झालं? तीन महिने आधी पृथ्वीची बरीचशी चाल मंगळाच्या *दिशेने* असते. त्या चालीने अंतर घटतं, दिशा फारशी बदलत नाही, त्यामुळे मंगळाची स्वतःची चाल दिसते. पृथ्वी जवळ येते तशी तिची चाल दृष्टिरेषेला आडवी होत जाते. दोघांची आडवी चाल जेव्हा सारखी होते, तेव्हा मंगळ थबकलेला दिसतो. ऐन रेषेत पृथ्वीचे सेकंदाला ३० किलोमीटर आणि मंगळाचे २४, दोन्ही पूर्ण आडवे. फरक सुमारे ६ किलोमीटरचा. दोघांमधलं सरासरी पावणेआठ कोटी किलोमीटर अंतर धरून हिशोब केला, तर मंगळ रोज एक तृतीयांश अंशाहून थोडा जास्त मागे सरकतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या पाऊणपट.

इथे एक चूक हमखास होते. मुलं मैदानाच्या कडेची झाडं खुणेला घेतात आणि आकडे बिघडतात. झाडं फार जवळ असतात. या मापाने सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे २,७०० किलोमीटर दूर ठेवावा लागेल! म्हणून होकायंत्र हवं.

पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्यांना ही गती जुळवायला वर्तुळावर वर्तुळ चढवावं लागलं. १५४३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या ग्रंथाने सूर्य मध्यभागी ठेवला आणि वक्री गती आपोआप निघाली. बुध-शुक्र वक्री होतात तेव्हा आतल्या बाजूने ते आपल्याला मागे टाकत असतात. म्हणजे वक्री होणं हा ग्रहाचा गुण नाही, कोप तर नाहीच. मंगळ वक्री असताना मंगळावरून कुणी पाहिलं, तर पृथ्वीच वक्री दिसेल. तेव्हा कुणाच्या नोकरीचं किंवा लग्नाचं भविष्य त्यावर टांगणारे मुलांना सरळ खोटं सांगत असतात.

१९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असेल, सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या जवळपास. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवेल. डिसेंबर २०२६ पासून एप्रिलपर्यंत दर आठवड्याला त्या भागातले ठळक तारे वहीत काढून मंगळाचा ठिपका आणि तारीख मांडत जायची. जानेवारीच्या सुमारास ठिपके एकमेकांना चिकटू लागतील.