‘स्टारकॅचर’ की ‘डार्कफायटर’?

२०२३ मध्ये २ जूनला रायव्हल सन्सचा ‘डार्कफायटर’ आला आणि बरोबर सात आठवड्यांनी, २१ जुलैला, ग्रेटा व्हॅन फ्लीटचा ‘स्टारकॅचर’. दोन्ही बँड अमेरिकन. दोघांचंही वळण सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकचं, दोघांनाही लोक लेड झेपेलिन या त्या काळच्या ब्रिटिश बँडच्या पंगतीत बसवतात. त्यात दोन्ही अल्बमचा प्रोड्यूसर एकच, डेव्ह कॉब. प्लेलिस्टमध्ये पाठोपाठ लागले तर भलेभले फसतात.

ओळखायचं असेल तर आधी गळा ऐका. ग्रेटा व्हॅन फ्लीटचा गायक जॉश किस्झका याचा आवाज पातळ, धारदार, आणि त्याचा मुक्काम बहुतेक वेळा तार सप्तकातच. ‘मीटिंग द मास्टर’ अकूस्टिक गिटारवर हळुवार सुरू होतं, तिथे तोही दबक्या आवाजात गातो. पण शेवटाकडे येता येता असा सुटतो की आपण नकळत आवाज कमी करायला हात पुढे करतो. रायव्हल सन्सचा जे ब्युकॅनन ब्लूज आणि सोलमध्ये मुरलेला गायक. तो खालच्या सुरांत रेंगाळतो, एखादा शब्द चघळतो आणि मगच चढतो. व्यसनात हरवत चाललेल्या माणसाबद्दलचं ‘डार्कसाइड’ ऐका. सुरुवातीला तो जवळ बसून बोलतोय असं वाटतं, म्हणून पुढची गर्जना जास्त लागते. माझं मत विचाराल तर असं पोटातून आलेलं गाणं ‘स्टारकॅचर’मध्ये नाही.

गिटारवरून तर आणखी पटकन कळतं. जेक किस्झका, जॉशचा जुळा भाऊ, गिब्सन एसजी वाजवतो. त्याचा सूर कडक पण मोकळा, प्रत्येक तार वेगळी कानावर येते. रायव्हल सन्सचा गिटारवादक स्कॉट हॉलिडे फझचा, म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या इफेक्टचा, भक्त. ‘नोबडी वाँट्स टू डाय’ची रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) स्पीकरचा पडदा फाटल्यासारखी घरघरते.

ग्रेटावर झेपेलिनच्या नकलेचा शिक्का ‘फ्रॉम द फायर्स’ या त्यांच्या आधीच्या रेकॉर्डपासून आहे. त्याच रेकॉर्डला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तरी तो पुसला गेला नाही. मला हा अन्याय वाटतो. गळा कुणी बदलून आणू शकत नाही, आणि ‘स्टारकॅचर’च्या दहा गाण्यांत त्यांनी मांडणीशी बरंच खेळून पाहिलंय. ‘रनवे ब्लूज’ जेमतेम सव्वा मिनिटाचं. सगळ्यांनी मिळून उत्स्फूर्त वाजवलेला जॅम रंगात येतो आणि संपतो. मला ते तसंच आवडतं.

‘डार्कफायटर’मध्ये गाणी आठच. आणि शोधायला जाल तर आणखी एक घोळ होईल: ‘डार्कफायटर’ नावाचं गाणं या अल्बममध्ये नाहीच. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या जोड-अल्बमचं, ‘लाइटब्रिंगर’चं, पहिलं गाणं आहे.