मॉड्युलर घर आणि खानदेशातील बांधकाम : पार्श्वभूमी

खानदेशात ‘मॉड्युलर घर’ हा शब्द सध्या निदान तीन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि जागेवर बांधलेल्या नेहमीच्या घराशी त्याची तुलना करताना होणारा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. कारखान्यात वायरिंग, नळजोडणी आणि फरशीसह तयार झालेल्या खोल्या ट्रेलरवरून आणून क्रेनने पायावर बसवल्या, तर ते खरे मॉड्युलर घर. भिंतींचे सुटे पॅनेल आणून जागेवर जोडले, तर ते प्रीफॅब. पोर्टा केबिन हीदेखील आयती खोलीच, पण ती तात्पुरत्या वापरासाठी घडवलेली असते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा अशी केबिन पाहून सगळ्या मॉड्युलर घरांवर ‘पत्र्याची भट्टी’ असा शिक्का मारला जातो. तो अन्यायाचा आहे, कारण घर किती तापेल हे ते कुठे तयार झाले यावर नव्हे, तर भिंतीत आणि छतात उष्णता अडवणारे कोणते भरण किती जाडीचे आहे, यावर ठरते.

पूर्वी आपल्याकडे घर खणांत मोजत. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. त्यामुळे खण हेच आपले जुने मॉड्यूल, असे काही जण सांगतात. ते ओढूनताणून वाटते. खण हे माप होते. घडण मात्र जागेवरच होत असे. धाब्याच्या जाड मातीच्या भिंती दुपारचा ताप उशिरा आत पोहोचवत, ही त्यांची मोठी देणगी होती. पण 1993च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड छते कोसळली, आणि त्यानंतर लोकांचा कल सिमेंटच्या स्लॅबकडे आणखी वाढला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कारखान्यात घडवलेली दीड लाखाहून अधिक घरे उभी राहिली आणि 1948 मध्ये दिल्लीतही अशा घरांचा सरकारी कारखाना निघाला. 1968 मध्ये लंडनमधील पॅनेलच्या इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने ढासळला, तेव्हापासून सांध्यांची मजबुती हा या पद्धतीचा कळीचा प्रश्न ठरला. 2021 मध्ये देशातील सहा शहरांत अशा पर्यायी तंत्रांनी प्रत्येकी सुमारे हजार घरांची कामे सुरू झाली. त्यांपैकी रांचीत काँक्रीटच्या आयत्या खोल्या एकावर एक रचण्याची पद्धत निवडली गेली.

पाया खोदला जात असतानाच कारखान्यात खोल्या तयार होतात, म्हणून वेळ वाचतो. मात्र तापीकाठच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खोदण्याचा खर्च मॉड्युलर आणि जागेवरच्या अशा दोन्ही पद्धतींत टळत नाही, आणि जुन्या गावठाणाच्या गल्लीत ट्रेलर वळत नाही.