शार्पलेस यांच्या तीन अभिक्रिया आणि सायटेशनचा हिशेब

रसायनशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवणारे फ्रेडरिक सँगर यांच्यानंतरचे दुसरे संशोधक म्हणजे बॅरी शार्पलेस (२००१ आणि २०२२). त्यांच्या निबंधांचे इतरांच्या निबंधांतले उल्लेख (सायटेशन) मात्र पारितोषिकांच्या आधीपासूनच भरपूर होत होते. कारण साधे आहे: त्यांची कृती वाचून दुसऱ्या प्रयोगशाळेतही अभिक्रिया जमते.

पहिली कृती १९८० ची, त्सुतोमु कात्सुकी यांच्यासह केलेली: इपॉक्सिडेशन, म्हणजे दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवून तीन अणूंचे कडे (इपॉक्साइड) बनवणे. अ‍ॅलाइलिक अल्कोहोल, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, डायएथिल टार्टरेट आणि टर्ट-ब्युटिल हायड्रोपेरॉक्साइड, डायक्लोरोमिथेनमध्ये उणे २० अंशांच्या आसपास. टार्टरेटचे उलट, आरशातल्या प्रतिमेसारखे रूप घेतले की इपॉक्साइड दुसऱ्या बाजूने बनते. अडचण पाण्याची होती. ओलाव्याने उत्प्रेरक मरतो, म्हणून सुरुवातीला टायटॅनियम बरेच घालावे लागे. १९८६ मध्ये मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र कण) आल्या आणि ५ ते १० मोल टक्के (मूळ पदार्थाच्या शंभर रेणूंमागे ५ ते १०) टायटॅनियम पुरू लागले. टार्टरेट मात्र टायटॅनियमपेक्षा थोडे जास्तच हवे. ते कमी पडले तर मोकळे टायटॅनियमही इपॉक्सिडेशन करते, पण दोन्ही रूपांची भेसळ होते.

या पद्धतीला दुहेरी बंधाशेजारी हायड्रॉक्सिल लागतो. १९८८ च्या ऑस्मियम डायहायड्रॉक्सिलेशनला, म्हणजे दुहेरी बंधावर दोन हायड्रॉक्सिल बसवणाऱ्या अभिक्रियेला, तीही अट नव्हती. सिंकोना अल्कलॉइडपासून केलेल्या लिगँडमुळे (धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूमुळे) दोन रूपांतल्या एकाची निवड साधते. एनएमओ (एन-मिथाइलमॉर्फोलिन एन-ऑक्साइड) हा ऑक्सिडीकारक वापरला की ऑस्मियम लिगँडविना दुसऱ्या चक्रात शिरते आणि शुद्धता घसरते. पोटॅशियम फेरिसायनाइड आणि दोन थरांची द्रावक-व्यवस्था आल्यावर ही गळती थांबली. पुढे सगळे एका बाटलीत मिळू लागले, एडी-मिक्स नावाने. १ मिलिमोल अल्कीनला (दुहेरी बंधाच्या रेणूला) १.४ ग्रॅम मिश्रण, ५ मिली पाणी, ५ मिली टर्ट-ब्युटेनॉल, ० अंश. अल्कीन टोकाला नसेल तर ९५ मिग्रॅ मिथेनसल्फोनामाइड, नाहीतर मधल्या टप्प्यातला ऑस्मेट एस्टर फुटायला वेळ लागतो. शेवटी १.५ ग्रॅम सोडियम सल्फाइट घालून ढवळायचे.

इथेच सायटेशनचा हिशेब बिघडतो. अनेक लेखक १९८८ चा मूळ निबंध सोडून १९९४ चा 'केमिकल रिव्ह्यूज'मधला आढावा उद्धृत करतात.

२००१ चा 'क्लिक' निबंध (कोल्ब आणि फिन यांच्यासह) तर कृती नव्हे, विचार मांडतो: सोप्या, खात्रीच्या अभिक्रियांनी रेणू जोडायचे. कृती २००२ ची: अझाइड, टोकाचे अल्काइन (तिहेरी बंधाचा रेणू), सुमारे १ मोल टक्का कॉपर सल्फेट, ५ ते १० मोल टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, पाणी आणि टर्ट-ब्युटेनॉल, खोलीचे तापमान. याच जोडणीची ह्युसगेन यांची जुनी पद्धत तापवून चाले आणि दोन समघटक (तेच अणू, वेगळी रचना) देई. तांब्याने फक्त १,४-ट्रायअझोल मिळतो. त्याच वर्षी मॉर्टेन मेल्डाल यांनीही हे स्वतंत्रपणे दाखवले. अ‍ॅस्कॉर्बेट संपले आणि हवा लागली की अल्काइन एकमेकांना जोडले जाऊन डायाइन बनते. अझाइड बनवताना सोडियम अझाइड आणि डायक्लोरोमिथेन एकत्र आणू नये. स्फोटक डायअझिडोमिथेन तयार होते.

क्लिक निबंधाला उद्धृत करणाऱ्यांत पॉलिमर, औषध आणि जीवशास्त्रवालेही मोठ्या संख्येने आहेत. म्हणून त्याची संख्या एखाद्या नैसर्गिक पदार्थाच्या संश्लेषणाशेजारी ठेवणे अन्यायाचे. २००५ मध्ये हिर्श यांनी सुचवलेल्या एच-निर्देशांकालाही (संशोधकाच्या किमान एच निबंधांना प्रत्येकी किमान एच सायटेशन, असा सर्वांत मोठा एच) हा फरक दिसत नाही. उलट बाजूही आहे: अभिक्रियेच्या बाणावर नुसते 'एडी-मिक्स-बीटा' लिहून पुढे जाणारे निबंध कमी नाहीत. तिथे पद्धत वापरली जाते, सायटेशन शून्य.