धोकादायक कचरा : साठवण आणि वाहतूक (नाशिक)

जो पेटतो, गंजवतो, विषारी असतो किंवा दुसऱ्या कशात मिसळला की भडकतो तो धोकादायक कचरा. नाशिकमध्ये तो सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत प्लेटिंग (धातूवर मुलामा) आणि पेंटिंगच्या शॉप्समध्ये निघतो तसाच घराच्या माळ्यावरही असतो, म्हणजे दिवाळीच्या रंगकामातला उरलेला अर्धा डबा, थिनर, फुगलेली मोबाईलची बॅटरी, मुदत संपलेली औषधं. कारखान्यांना 2016 चे घातक कचरा नियम आहेत, घरातल्या मालाची यादी त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत आली आणि त्यासाठी दर 20 चौरस किमीला एक संकलन केंद्र असावं असंही त्यात लिहिलं होतं. कागदावर सगळं चोख आहे, गडबड होते ती डबा बदलताना.

म्हणून घरातला पहिला नियम हाच की माल मूळ डब्यात ठेवायचा, लेबल न काढता, झाकण घट्ट लावून. थिनर किंवा ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवय इतकी रुळलीय की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नाही, आणि मग कुणीतरी ती बाटली तोंडाला लावतं. दुसरं म्हणजे मिसळायचं नाही, बाथरूम धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. थिनर-पेट्रोल देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब ठेवा, अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो काडी न लावताही पेटू शकतो. सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर झाडू मारायचा नाही, पारा उडतो, खिडक्या उघडून दहाएक मिनिटं बाहेर थांबायचं, मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत टाकायचे आणि बारीक चुरा चिकटपट्टीने टिपायचा.

घंटागाडीत हे देताना वेगळ्या पिशवीत द्या आणि कर्मचाऱ्याला तोंडाने सांगा. लिथियम बॅटरी गाडीत चेपली की आग लागू शकते, म्हणून टोकांना टेप लावायची. ओल्या कचऱ्यातून गेलेले सेल पाथर्डीच्या खतप्रकल्पावर पोहोचले तर त्यातले जड धातू खतात उतरतात, हे कुणी सांगतच नाही.

गाडी-इन्व्हर्टरची जुनी बॅटरी बहुतेकदा नवी घेताना दुकानदारच परत घेतो, प्रश्न फक्त नेण्याचा. ती उभीच ठेवायची, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, टर्मिनल झाकून. स्कूटरच्या पुढे आडवी टाकून नेली तर ॲसिडचे दोन थेंब सांडतात, तेव्हा काही दिसत नाही आणि पँट धुतली की बारीक भोकं पडलेली असतात. थिनरचा डबा एप्रिलच्या उन्हात डिकीत ठेवून गाडी लावून जाऊ नका, एवढं तरी पाळाच.

कारखान्यांचं गणित वेगळं. कचरा 90 दिवसांपर्यंतच साठवता येतो, वर्षाला 10 टनांच्या आतल्या छोट्या युनिटला काही परिस्थितीत एमपीसीबी (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) जास्त मुदत देते. पक्की फरशी, वर छप्पर, गळती अडवायला कठडा, आणि लोखंडी ड्रम जास्तीत जास्त तीन थर. लवकर पेटणारा माल असेल तर एकच थर. लेबल झळाळत्या पिवळ्या रंगाचं, त्यावर लाल अक्षरात इशारा, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. पावसात धुऊन जाईल असं लेबल चालत नाही.

ट्रकही तसाच, शक्यतो निळा आणि मधून पांढरा पट्टा, फक्त याच कामाचा, दुसरा माल भरायचा नाही. ड्रायव्हर किमान दहावी पास आणि प्रशिक्षण घेतलेला, केबिनमध्ये अपघातात काय करायचं ते सांगणारं ट्रेम कार्ड. ईटीपीचा (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचा) गाळ किंवा प्लेटिंगचा कचरा रांजणगाव, महापे किंवा तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे निघाला तर कसारा घाटात किंवा पुणे रोडवर ट्रक कलंडल्यावर पोलिसांच्या हातात पहिल्यांदा तेच कार्ड पडतं. सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबर जाणारा नोंदीचा कागद, सात रंगांच्या सात प्रती, त्यातली निळी प्रत माल घेणाऱ्या केंद्राकडून पाठवणाऱ्याकडे परत येते. ती आली नाही तर माल गेला कुठे ते विचारायचं काम कारखान्याचंच.

गाडीच्या इंजिनातून काढलेलं काळं ऑइल मात्र या सगळ्यातून निसटतं. गॅरेजवाल्याने ते पेट्रोल, थिनर किंवा कुलंटमध्ये न मिसळता बंद बॅरलमध्ये जमवून नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायला हवं, पण भंगारवाला रोख पैसे देतो, बॅरल त्याच्या टेम्पोत चढतं आणि पावती कुणी मागत नाही.