जठर मंदावलंय की वाट अडलीय?

कॅन्सरवरच्या केमोची मळमळ घरच्यांना चांगली ठाऊक असते. औषध चढल्यावर पहिल्या चोवीस तासांत किंवा पुढच्या चार-पाच दिवसांत येते आणि ओसरते. घोळ होतो तो दोन घासांत पोट भरतं, दुपारचा भात रात्री तसाच उलटून पडतो तेव्हा. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत याला एकच शब्द, ‘पित्त’. मग आमसुलाचं पाणी आणि मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल. यातलं पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करतं, जठर रिकामं करत नाही. आणि खरी भीती डोम्पेरिडोनची, म्हणजे जठराला पुढे ढकलायला लावणाऱ्या औषधाची आहे.

कारण मंद जठर आणि अडलेलं जठर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंद जठरात वाट मोकळी असते, ढकलणारे स्नायू किंवा नसा थकलेल्या असतात. मॉर्फिन, व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध, ऑपरेशनमध्ये कापली गेलेली व्हेगस (जठराला चालवणारी) नस, जुना मधुमेह ही त्याची नेहमीची कारणं. अडलेल्या जठरात ढकलणारा जोर असतो, पण जठराचा किंवा स्वादुपिंडाचा ट्यूमर पुढची वाट दाबतो. तिथे डोम्पेरिडोन किंवा त्याच कामाचं मेटोक्लोप्रमाइड देणं म्हणजे बंद दारावर आणखी जोर लावणं. कळा वाढतात, जठर फुटण्याचाही धोका असतो. तिथे लागते नाकातून नळी, सलाइन, आणि मग स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) किंवा बायपास (अडथळा टाळून नवी वाट करणारं ऑपरेशन).

उलटीचा रंग बघा. जठरातून बाहेर पडायच्या तोंडाशीच वाट अडली असेल तर उलटी भरपूर होते, पण त्यात हिरवं-पिवळं पित्त बहुधा नसतंच, ते अडथळ्याच्या पलीकडे राहतं. तरी रंगावरून घरी निकाल लावू नका. आधी दुर्बिणीची तपासणी (एन्डोस्कोपी) किंवा सीटी स्कॅन, मगच ढकलणारं औषध. हा क्रम उलटा करू नये, मग त्यासाठी रत्नागिरीला किंवा गोव्यात बांबोळीला जावं लागलं तरी.

वाट मोकळी ठरली की मेटोक्लोप्रमाइड सहसा १० मिलिग्रॅम, जेवणाआधी अर्धा तास, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत. सोबत पोटदुखीसाठी डायसायक्लोमिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ते नेमकं उलटं काम करतं.

जेवणात उकड्या तांदळाची गाळलेली पेज सर्वांत बरी, वाटीभर, दिवसातून सहा वेळा. त्यानंतर तासभर तरी आडवं होऊ नये. सोलकढी ‘पाचक’ म्हणून पाजू नका, नारळाच्या दुधातली चरबी जठर आणखी मंद करते. फणसाचे गरेही नकोत. मेटोक्लोप्रमाइडची गोळी सुरू असताना मान आपोआप वळली किंवा जबडा आखडला, तर पुढची गोळी न देता ताबडतोब दवाखाना गाठा.